टायटॅनियमच्या चुलीचा पहिला जाळ

माझ्या मुलीला जानेवारीत बर्फात जायचं होतं. तिने आधी बाबांना विचारलं. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. म्हणाले, "मला काय विचारतेस? आईला विचार. ती हो म्हणाली तर जा."

आमच्या घरात असं होत नाही. खालचा गाळा कोणाला भाड्याने द्यायचा, गच्चीवर पत्रे घालायचे की नाही, कोणाच्या लग्नाला कोणी जायचं, हे सगळं ठरून झाल्यावर चहा देताना माझ्या कानावर येतं. या वेळी त्यांनी ते माझ्यावर टाकलं, कारण त्यांना नाही म्हणायचं होतं आणि मुलीशी भांडायचं नव्हतं. आई घाबरट, ती नाहीच म्हणणार, अशी त्यांची खात्री होती.

मुलगी न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करते. सुट्टीला मैत्रिणींबरोबर गड चढायला जाते. त्याची मला सवय झाली होती. पण हे वेगळं होतं. पाच मुली हिमाचलात जाणार, चार रात्री बर्फावर तंबू ठोकून राहणार, आणि ऊब यावी म्हणून तंबूच्या आत चूल पेटवणार.

"तंबू कशाचा?" मी विचारलं.

"कापडाचा."

"आणि आत चूल?"

"आई, तो तंबू त्यासाठीच असतो. धुराडं बाहेर काढायला त्याला भोक असतं. टेन्शन नको घेऊ ना."

"बघते," मी म्हटलं.

माझं 'बघते' म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिचं तोंड एवढंसं झालं. पण या वेळी मी खरंच बघणार होते. कापडाच्या घरात चूल राहते तरी कशी, हे मला कळत नव्हतं. कळल्याशिवाय हो म्हणायचं नव्हतं आणि नाही पण म्हणायचं नव्हतं.

आठवड्याने पार्सल आलं. पाचही जणींनी मिळून चूल मागवली होती आणि ती सांभाळायचं काम आमच्या मुलीकडे आलं होतं. मी खोकं उचललं तर ते रिकामंच वाटलं. पाठवायचं विसरले की काय, असं मनात आलं. उघडलं तर आत एक कापडी पिशवी, आणि पिशवीत राखाडी रंगाचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले. सोबत चार काड्यांसारखे पाय, काही कड्या आणि सुरळी करून बांधलेला एक लांब पत्रा. तो तर वहीच्या पुठ्ठ्याहूनही पातळ होता.

सासूबाई सोफ्यावर बसून बघत होत्या. "ही चूल हाय? मना वाटला कोनी बिस्किटाचा डबा ठोकून चपटा केलाय."

मुलीने खाचेत खाच घालून पत्रे जोडले आणि पाच मिनिटांत पाय असलेली एक पेटी उभी राहिली. पुढे छोटं दार, वर धुराड्यासाठी गोल भोक. मी ती एका हाताने उचलली. आमच्या भाताच्या टोपापेक्षा हलकी.

"जाळ लागल्यावर वितळत नाही?"

"टायटॅनियम आहे आई. वितळायला लोखंडापेक्षा जास्त आच लागते." मग तिने आजीकडे बघितलं. "आजी, तुझ्या मांडीत सळई बसवली ना, ती याचीच आहे."

सासूबाई दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या होत्या, तेव्हा ऑपरेशन झालं होतं. त्यांनी मांडीवर हात ठेवला आणि चुलीकडे जरा निराळ्या नजरेने बघितलं. "मंग चांगली असल," त्या म्हणाल्या. "मांडी तर नाय मोडली परत."

चुलीबरोबर आलेला कागद मुलीने वाचून सांगितला. ही चूल पहिल्यांदा तंबूत पेटवायची नाही. आधी उघड्यावर एक मोठा जाळ करायचा. कारखान्यातलं तेल पत्र्याला चिकटलेलं असतं, ते त्या जाळात जळून जातं. धुराड्याच्या पत्र्यालाही तेव्हाच वळण लागतं.

हे ऐकून मला बरं वाटलं. नवी चूल लगेच कामाला घ्यायची नाही, हे आम्हालाही ठाऊक असतं. मातीची चूल घातली की आधी तिच्यात हलका जाळ करतात, तिला सुकू देतात, तडा गेला तर लिंपतात, मगच तिच्यावर भात चढतो. एवढ्या लांबून आलेल्या पत्र्याच्या चुलीलाही तेच लागतं, याची मला गंमत वाटली.

रविवारी सकाळी गच्चीवर जायचं ठरलं. आमची इमारत चार मजली आहे आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात माझी मातीची चूल आहे. तांदळाच्या भाकऱ्या मी अजून तिच्यावरच करते. मात्र धूर झाला की शेजारच्या टॉवरमधल्या खिडक्या धाडधाड बंद होतात, म्हणून हल्ली सुट्टीलाच पेटवते.

मुलगी लाकडं आणायला खाली गेली. टॉवरवाल्यांनी गुलमोहर छाटला होता, त्याच्या वाळलेल्या फांद्या आमच्या भिंतीला लागून पडल्या होत्या. तोवर मी एक काम उरकून टाकलं. चुलीतली राख घेतली, त्यात थोडी माती आणि पाणी कालवलं, आणि नव्या चुलीला खालून आणि दोन्ही बाजूंनी लेप दिला. जाळावर जाणाऱ्या कुठल्याही भांड्याला मी असा लेप देते. म्हणजे काजळी लेपावर बसते, भांडं घासताना लेपाबरोबर निघून जाते आणि नवं भांडं नवं राहतं. आईने शिकवलं, सासूबाईंनीही तसंच करायला लावलं. हात आपोआप चालले.

मुलगी वर आली आणि फांद्या टाकून ओरडलीच. "आई! हे काय केलंस?"

"लेप दिला. काळी होईल ना नाहीतर."

"अगं, तिला जळू द्यायचंय! त्यासाठीच तर हे सगळं चाललंय!"

सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत तेवढ्यात वर पोचल्या. "वरडतंस काय गो? लेप दिला तं काय चुकला? तुजी आई काय भांडी काली ठेवतं?"

"आजी, हे भांडं नाहीये."

"मंग काय दागिना हाय?"

मुलीने कपाळाला हात लावला. मी ओल्या फडक्याने लेप पुसायला घेतला, पण पातळ पत्रा दाबला की वाकायचा, म्हणून जोर करता येईना. शेवटी ती म्हणाली, "राहू दे. जळेल ते."

मग धुराडं. सुरळीचा पत्रा उलगडला तर तो वीतभर रुंद आणि माणसाहून उंच निघाला. तो आडव्या अंगाने वळून त्याची नळी करायची आणि वरून कड्या चढवायच्या. ऐकायला सोपं. पण आम्ही एका टोकाला वळवला की दुसऱ्या टोकाला फटकन उघडायचा. कडा धारदार होत्या. मुलीने जाड हातमोजे घातले होते, मी जुन्या साडीचा तुकडा हाताला गुंडाळला होता. दोनदा तो पत्रा सासूबाईंच्या खुर्चीपर्यंत उडाला.

"साप धरताव का काय करताव?" त्या पाय वर घेऊन हसत होत्या.

मी गच्चीवर पडलेला नळाच्या कामाचा एक उरलेला पाइप आणला आणि त्याच्याभोवती पत्रा गुंडाळला. मी पुढे गुंडाळत गेले, मुलगी मागून कड्या सरकवत आली. आत पाइप असल्याने पत्र्याला आधार मिळाला. शेवटची कडी बसली आणि आम्ही पाइप हळूच ओढून काढला. धुराडं चुलीच्या भोकावर उभं राहिलं, थोडं तिरकं.

मुलीने त्याचा फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला. मला म्हणाली, "सगळ्या विचारतायत, ही पाइपची आयडिया कोणाची."

मला आवडलं.

जाळ मी लावला. आत करवंटीचे तुकडे आणि नारळाची सोडणं घातली, वर बारीक काटक्या, मग बोटाएवढ्या फांद्या. काडी लावून फुंकणी हातात घेतली आणि दारापाशी वाकले. फुंकायची वेळच आली नाही. धूर एकदा दाराशी आला, मला बघून परत फिरल्यासारखा आत वळला, आणि आतून सूंऽऽ असा आवाज सुरू झाला. मी दाराजवळ हात धरला. बाहेरचा वारा माझ्या बोटांवरून आत जात होता. कोणी तिथे तोंड लावून ओढतंय, असा.

इतकी वर्षं मी चुलीत फुंकत आले. ही चूल स्वतःच श्वास घेत होती. मी मुलीला विचारलं, "हे ओढतंय कोण?"

"गरम हवा धुराड्यातून वर जाते, मग खालून नवी हवा आत ओढली जाते."

"आणि धुराडं लांब असलं तर जास्त ओढेल?"

तिने माझ्याकडे बघितलं. "हो. तुला कसं कळलं?"

कळलं नव्हतं, विचारलं होतं. मला अजून पुष्कळ विचारायचं होतं. बर्फातली हवा थंड, मग तिथे ओढ जास्त लागेल का? वारा उलटा आला तर? लाकूड ओलं असलं तर? ती सांगत गेली, आणि जिथे तिला येईना तिथे फोनमध्ये शोधत गेली.

सूं सूं वाढली तशा सासूबाई म्हणाल्या, "चूल फुरफुरतंय. पावना येल."

"पाहुणा नको आजी. चूल पाच जणींची आहे."

पहिल्या पंधरा मिनिटांत पत्र्यातून जळक्या तेलाचा वास आला, मग तो गेला. पत्रे तापून मध्येच टण्ण वाजायचे. वरचा पत्रा फुगून वर आला तेव्हा मी मागे सरकले. थोड्या वेळाने तो आपणहून खाली बसला. आणि मग रंग चढायला लागले. आधी धुराड्याच्या बुडाशी गव्हाच्या रंगाची एक पट्टी आली. ती सोनेरी झाली, तिच्या मागून जांभळी आली, मग निळी. मोराच्या मानेचा असतो ना, तसा निळा. तो वर सरकत गेला. मी लाकडं घालायची विसरले. लोखंड तापलं की लाल होतं, गार झालं की पुन्हा काळं. हा रंग गार झाल्यावरही राहतो, असं मुलगी म्हणाली. धातूच्या वर हवेने एक पातळ साय धरते, तिच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो.

सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. बराच वेळ निळ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे माजी सली पन आतून निली झाली असल?"

"नाही गं आजी! तुला कोणी पेटवलंय का?"

"सुना घरात असल्यावर काय सांगता येतां का?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघी हसलो.

लेप वाळून खपल्या पडायला लागल्या होत्या. त्याखाली मात्र पत्रा राखाडीच राहिला होता, आणि जिथे फडक्याने पुसला गेला होता तिथे निळा-जांभळा झाला होता. बाजूच्या पत्र्यावर माझी चार बोटं स्पष्ट दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी महागाची वस्तू, तीही पाच जणींची. मी चिंच आणि काथ्या आणायला निघाले होते. मुलीने हात धरून बसवलं. म्हणाली, चूल नीट जळतेय ना, मग झालं.

दुपारी वर तवा ठेवून एक भाकरी टाकून बघितली. मधोमध आच इतकी होती की तिथे लगेच डाग पडला, कडा कच्च्या राहिल्या. दुसरी भाकरी मी तव्यासकट फिरवत भाजली. ती फुगली. तिघींनी मिळून ती सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर गच्चीवरच खाल्ली. टॉवरच्या खिडक्या उघड्याच होत्या, कोणाला धूर गेलाच नव्हता.

खरं सांगायचं तर तेव्हा मी मनातून हो म्हणत आले होते. चूल शहाणी वाटत होती. धूर खात होती, भाकरी देत होती.

जेवण झाल्यावर मुलगी म्हणाली, "आता रात्रीचं बघू." धुराड्याच्या बुडाशी आत एक गोल झडप होती, बाहेरून तारेच्या मुठीने फिरणारी. तिने दोन जाड लाकडं घातली, ती चांगली पेटून निखारे झाल्यावर दार लावलं आणि झडप फिरवली. सूं सूं थांबली. "अशी बंद केली की निखारे हळूहळू जळतात. सकाळपर्यंत तंबू गरम राहतो. आम्ही आरामात झोपणार."

मी विचारलं, "आता ती श्वास कुठून घेते?"

"घेत नाही फारसा. म्हणून तर लाकूड पुरतं."

"आणि सोडते कुठे?"

ती म्हणाली, "थोडं धुराड्यातून जात असेल." पण तिलाही नक्की माहीत नव्हतं.

मी खाली जाऊन देवघरातून उदबत्ती आणली. पेटवून आधी झडप उघडायला लावली. उदबत्ती दाराच्या फटीपाशी धरली, तर धुराची रेघ सरळ आत गेली. खाचांपाशी धरली, धुराड्याच्या जोडापाशी धरली, सगळीकडे आतच. चूल ओढत होती. मग म्हटलं, आता बंद कर. तिने झडप फिरवली. उदबत्तीचा धूर आधी जागेवर थांबला, डुलला, आणि मग हळूहळू चुलीपासून लांब, माझ्या तोंडाकडे वळला.

"बघ," मी म्हटलं. "आता ही आपल्याकडे सोडतेय."

"पण काय सोडतेय? धूर कुठाय? आई, धूर नाही म्हणजे सगळं जळून गेलंय. धूर असला तर घाबरायचं."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. सासूबाई समोरच होत्या. जे सांगायचं होतं ते मी पंचवीस वर्षांत कोणाजवळ बोलले नव्हते, आणि त्यांच्यासमोर तर कधीच बोलले नसते. पण मुलीने मुठीवर हात ठेवला होता, आणि तिला ती बंद करायची सवय लागणार होती.

मी म्हटलं, "तू झालीस तेव्हा पण धूर नव्हता."

माझ्या माहेरी आई राहिली नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. तेव्हा आमचं घर कौलारू होतं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून मागच्या खोलीची खिडकी गोणपाटाने बंद केली होती. बाजेखाली शेगडी ठेवायचे. आधी ओव्याची धुरी, मग धूर सरला की फुललेले कोळसे तसेच खाली ठेवायचे, शेक मिळावा म्हणून, आणि दार ओढून घ्यायचं. थंडीचे दिवस होते, त्या दिवशी कोळसे जास्त घातले होते. मला छान वाटत होतं. गरम, गुंगी आल्यासारखं. मग डोकं जड झालं, कानात खाडीच्या भरतीसारखं वाजायला लागलं. मुलगी अंगावर पीत होती, तिचं तोंड सुटलं. ती रडली नाही. मला दिसत होतं, तिला उचलायला हवं. मी हाताला सांगत होते, उठ. हात उठत नव्हता. सासूबाई त्यांची मशेरीची डबी खोलीत विसरल्या होत्या, ती घ्यायला आल्या. त्यांनी दार उघडलं. आम्हा दोघींना ओढून पडवीत आणलं, पाणी मारलं. किती वेळाने कोण जाणे, मुलगी रडली.

संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळून आमची दृष्ट काढली. बाळंतिणीला दृष्ट लागली, असंच सगळ्यांना सांगितलं गेलं. मी मात्र त्या खोलीचा विचार करत राहिले. धूर नव्हता, वास नव्हता, मग मला धरून ठेवलं होतं कोणी? पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर बातमी बघितली, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांची. तेव्हा मला उत्तर मिळालं. धूर संपल्यावर निखाऱ्यातून जे निघतं, ते दिसत नाही आणि नाकाला कळत नाही.

एवढं सगळं मी चुलीकडे बघत बोलले. सासूबाईंकडे बघायची हिंमत नव्हती.

मुलगी म्हणाली, "आजी?"

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मना म्हायती होता," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी कललां. मीं दार उघडला नि माजाच डोका फिरला. कोल्सं मींच घातलेलं, तीन मुठी जास्ती."

"मग दृष्ट कशाला काढली?"

"लोकांना काय सांगू? सुनेला नि नातीला मींच मारत व्हती, असां सांगू?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "धाकटीच्या बालतपनाला मीं दार सताड उघडा ठेवला. ननंदा बोलल्या, वारा लागल. मीं आयकला नाय. तू काय बोलली नाय, मीं पन नाय."

मला आठवलं. जावेच्या वेळी खोलीचं दार उघडं होतं खरं, आणि मी तिथूनच पाण्याच्या कळश्या नेत होते. तेव्हा मला वाटलं होतं, तिला कोंडून ठेवत नाहीत, तिच्यावर माया जास्त आहे.

 मुलीने मूठ फिरवून झडप उघडली. चूल पुन्हा सूं करायला लागली.

थोड्या वेळाने तिने फोन काढला. "त्याचं एक मशीन मिळतं आई. तो गॅस वाढला की वाजतं. तंबूत लावायचं. मी मागवते."

"नाकाला कळत नाही ते मशीनला कळतं?"

"कळतं."

"मग घे. पण मशीनचा सेल संपला तर? निखारे ठेवून झोपायचंच नाही."

"आई, उणे दहा असणार तिथे! थंडीने मरू का?"

"थंडी वाजली की जाग येते," मी म्हटलं. "मला त्या खोलीत जाग येत नव्हती."

यावर ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "मग करायचं कसं?"

तेही आम्ही तिथेच ठरवलं. चूल संध्याकाळी पेटवायची, कपडे वाळवायचे, जेवण करायचं, पाणी उकळून बाटल्या भरून अंथरुणात घ्यायच्या. झडप कधीच पूर्ण बंद करायची नाही, तंबूची वरची झरोक्यासारखी फट उघडी ठेवायची. झोपायच्या आधी निखारे बाहेर काढून विझवायचे. मी तिला चिमट्याने निखारा धरायला शिकवला. तिला वाटायचं, तो मधोमध दाबून धरायचा, पण तसा तो फुटतो आणि ठिणग्या उडतात. कडेने, सैल धरायचा. लहान निखारे आधी, मोठे मागून, राख शेवटी. डब्यातल्या पाण्यात टाकताना तोंड बाजूला.

पहिल्यांदा तिने दोन निखारे पाडले. एक तिच्या चपलेजवळ पडला. मी म्हटलं, हा तंबूच्या कापडावर पडला असता. तिने पुन्हा जाळ केला, निखारे होऊ दिले, पुन्हा काढले. एकही पडला नाही.

"आता डोळे बांध," मी म्हटलं.

"काय?"

"तिथे अंधार असणार ना? बॅटरी तोंडात धरणार का?"

"ती डोक्याला बांधायची असते आई."

"आणि बंद पडली तर?"

तिने ओढणी डोळ्यांवर बांधली. सासूबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "डाव्या अंगाला गो बाय, डाव्या," त्या म्हणायला लागल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना गप्प केलं. मुलगी गुडघ्यावर बसली, दारावर बोटाने दोनदा टकटक करून जागा शोधली, आणि आचेच्या अंदाजाने एकेक निखारा उचलून डब्यात टाकला. चर्र, चर्र. मी मोजत नव्हते, चुलीच्या आत बघत होते. शेवटी तिने राख ओढली आणि उलटा हात पोकळीत धरून बघितला.

"गार पडत चाललंय. संपलं?"

मी वाकून बघितलं. मागच्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढा एक लाल ठिपका होता. "एक राहिला," मी म्हटलं, आणि तिने तोही हुडकून काढला.

खाली चहाला बसलो तेव्हा तिच्या बाबांनी मला विचारलं, "काय मग? समजावलंस ना तिला?"

"हो," मी म्हटलं. "जाऊ दे तिला."

त्यांनी कप खाली ठेवला. "जाऊ दे? अगं, मी तुझ्यावर सोडलं होतं ते..."

"सोडलं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या आईकडे. सासूबाई बशीतला चहा फुंकत होत्या. "मना नको ईचारू," त्या म्हणाल्या. "तिनां बघितलाय, मीं पन बघितलाय. पोरीला इझवता येतां."

त्यांनी कप पुन्हा उचलला. मग मुलीला म्हणाले, "लोकरीचे मोजे दोन जोड घे. एक जोड ओला होतो."